पासपोर्ट, खंड पहिला

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर कोणाचाच बसलेला नाही. सलूनवाल्याला सांगितलं तेव्हा त्याचा वस्तरा माझ्या गळ्यापाशी थबकला. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी माझा रक्तदाब दुसऱ्यांदा मोजला. आमची ही तर मी सुरुवात केली की उठून आत जाते. आज बसली आहे, कारण तिच्या मांडीवर लोकरीचा गुंता आहे आणि तो सुटल्याशिवाय तिला हलता येत नाही. तुम्ही समोर नवीन राहायला आलात, पासपोर्टचा फोटो कुठे काढून मिळेल एवढंच विचारायला दार वाजवलंत, पण आता खुर्चीत टेकलाच आहात तर ऐकून जा. फोटोचं दुकान कोपऱ्यावर आहे. तो विषय संपला.

मी बाइंडर. एक्केचाळीस वर्षं पुस्तकं बांधली. कोर्टाचे निकाल, ग्रंथालयांची मासिकं, कॉलेजांचे प्रबंध, सगळं या हातांखालून गेलं. माझ्या हातचा एक शब्दकोश एकदा तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. खाली उभी असलेली सायकल कायमची वाकडी झाली, शब्दकोशाचा टाकासुद्धा हलला नाही. नुसता दोन पानं उघडून पडला होता, एखादा माणूस वारा खात पडावा तसा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे घडलं ते समजायला हे माहीत असावं लागतं.

तर मुलगी परदेशात. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले. डॉक्टरांनी बाळंतपणाचा बावीस तारखेचा अंदाज दिला होता. तिनं आम्हा दोघांची अठरा तारखेची विमानाची तिकिटं पाठवली आणि फोनवर एकच सांगितलं, बाबा, तुम्ही दोघंही हवेत, एकटीनं मला जमणार नाही. एरवी ही मुलगी रडणाऱ्यातली नाही. लहानपणी शिकंजात, म्हणजे आमच्या पुस्तकं दाबायच्या यंत्रात, तिचं बोट सापडलं होतं, तेव्हा तिनं फक्त विचारलं होतं की आता हे बोट चपटं राहणार का. ती मुलगी फोनवर रडली. म्हणजे जाणं भाग होतं. आणि जायचं तर पासपोर्ट हवा, आणि आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कोणी पासपोर्ट पाहिलेला नव्हता.

बातमी जिन्यात पोचायला दोन तास लागले. आमच्या वर एक निवृत्त विमा एजंट राहायचे. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणत. ते स्वतः कधी शेजारच्या गावीही मुक्कामाला गेले नव्हते, पण परदेशाबद्दल त्यांना खडान्‌खडा माहिती. त्यांनी मला तासभर बसवून सांगितलं की फोटोत चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये. आनंद नको, दुःख नको, उत्सुकता तर मुळीच नको, कारण उत्सुक माणूस परत येत नाही असा सरकारचा समज असतो. मी घरी आरशासमोर सराव केला. इतका केला की ही दारातून आत आली, माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी टाकून मला हलवायलाच लागली. तिला वाटलं, अर्धांगवायू.

फोटो निघाला. मग ठशांची पाळी आली. आमच्या धंद्यात खळ लावायची, म्हणजे पिठाचा चिकट लगदा, तो वाळला की काचकागदानं कडा घासायच्या. एक्केचाळीस वर्षांत कडांबरोबर बोटंही घासली जातात. यंत्रावर मी दहाही बोटं एकेक करून ठेवली. यंत्रानं दहाही वेळा नकार दिला. खिडकीतली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली की आजोबा, तुम्हाला बोटं आहेत पण ठसे नाहीत. तिनं ते इतक्या काळजीनं सांगितलं की मीच तिची समजूत घातली. शेवटी डाव्या करंगळीचा अर्धा ठसा मिळाला. त्या अर्ध्या करंगळीच्या जोरावर सरकारनं मान्य केलं की मी मीच आहे.

महिन्याभरात दोन्ही पासपोर्ट टपालानं घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पाकिटं फोडली. हिनं आधी फोटो पाहिला आणि माझा चेहरा तिथेही अर्धांगवायूचाच दिसतोय म्हणाली. मी फोटो पाहिलाच नाही. मी कणा पाहिला.

काय सांगू तुम्हाला. ज्या पुस्तकाच्या भरवशावर माणसानं समुद्र ओलांडायचा, त्या पुस्तकाला मधोमध एकच शिलाई. सगळी पानं एकात एक घालून मशिनीनं दिलेला टाका. वर पातळ पुठ्ठा. टेबलावर उघडं ठेवलं की लाजल्यासारखं आपोआप मिटतं. मी तीन वेळा ठेवलं, तीन वेळा मिटलं. मनात आलं, तिकडचा अधिकारी शिक्का मारायला जाईल, हे त्याच्या हाताखाली मिटेल, आणि तो म्हणेल, काय हा देश आणि काय हे बाइंडिंग.

हिनं माझ्या डोळ्यांत काय पाहिलं कोण जाणे. तिनं आपला पासपोर्ट उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.  मला तेव्हा वाटलं, जपते आहे बिचारी.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि मी हत्यारं बाहेर काढली. जुना टाका उसवला. पानांचे छोटे छोटे जुज, म्हणजे गठ्ठे, केले आणि एकेक जुज वेगळा शिवत गेलो. याला जुजबंदी म्हणतात. असं शिवलेलं पुस्तक उघडलं की उघडं राहतं, मग तुम्ही जेवून या, झोपून या. पुढं मागं अस्तराची दोन दोन कोरी पानं चिकटवली, कारण अस्तराशिवाय पुस्तक म्हणजे बनियनशिवाय कोट. तिन्ही बाजूंनी कडा केसभर कापून सरळ केल्या. एका न्यायाधीशांच्या कामातलं मऊ तांबडं कातडं उरलं होतं, ते चढवलं. दोन दिवस शिकंजात दाबून ठेवलं. आणि मग कण्यावर सोनेरी अक्षरं उठवली. वर माझं नाव, खाली पासपोर्ट, त्याच्या खाली खंड पहिला.

खंड पहिला का, असं तुम्ही विचाराल. मलाही पुढं सगळ्यांनी हेच विचारलं. अहो, एक्केचाळीस वर्षं मी कण्याच्या खालच्या टोकाला खंड पहिला, खंड दुसरा हेच उठवत आलो. हाताला सवय. ती जागा रिकामी ठेवली की मला धोतर सुटल्यासारखं वाटतं.

व्हिसाच्या खिडकीवर मी गेलो तो दिवस सहा तारखेचा. आमच्या हिचे कागद पाच मिनिटांत आत गेले. मग मी माझा पासपोर्ट पुढं सरकवला. खिडकीतल्या माणसानं तो हातात घेतला, वास घेतला आणि शेजारच्याला दिला. शेजारच्यानंही वास घेतला. मी मनात म्हटलं, कदर आहे. मग त्यांनी पानं मोजली. पुन्हा मोजली. तिसरा माणूस बोलावून त्याच्याकडून मोजून घेतली. दर वेळी चार पानं जास्त. पासपोर्टातून पानं गायब झालेली त्यांनी पाहिली होती, पासपोर्ट वाढलेला पाहिला नव्हता. त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, तो कागद पासपोर्टाला टाचला, तोसुद्धा सरळ कातड्यात टाचणी खुपसून, आणि मला पासपोर्टच्या ऑफिसात परत पाठवलं.

त्या संध्याकाळी जिन्यात बैठक भरली. सर्वज्ञ म्हणाले, पाण्यात पडला म्हणून सांगा. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, एक अक्षर बोलू नका, जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध जाईल. सलूनवाला म्हणाला, खरं ते सांगा, पण डोळ्यांत पाणी आणून सांगा. तिघंही माझ्या हिताचंच बोलत होते, त्यामुळे कोणाला दुखवावं हे मला समजेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तिन्ही केलं. आधी पाण्यात पडला म्हणालो. चार नंबरच्या खिडकीतल्या तपासनीस बाईंनी विचारलं, मग कोरडा कसा, तेव्हा गप्प बसलो. गप्प बसून बसून डोळ्यांत पाणी आलं आणि मग सगळं खरं सांगून टाकलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. एवढं झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

"आणि खंड दुसरा कुठे आहे?"

मी म्हटलं, खंड दुसरा नाही.

"मग पहिला कसा? एकुलत्या एकाला कोणी पहिला म्हणतं का?"

मी विचारात पडलो. त्यांचं म्हणणं चूक म्हणता येईना. एका माणसाकडे दोन पासपोर्ट असणं हा मोठा गुन्हा आहे, हे मला तिथे कळलं. दुसरा खंड ताबडतोब जमा करा असं त्यांनी लेखी दिलं. मी लेखी कळवलं की तो अस्तित्वात नाही. त्यांनी कळवलं की अस्तित्वात नसल्याचा पुरावा जोडा. हा पुरावा कोण देणार, तर तो खंड ज्यानं बांधला नाही तो बाइंडर. म्हणजे मीच. मग मी माझ्या दुकानाच्या जुन्या कागदावर, खाली शिक्का मारून, स्वतःला दाखला दिला की सदर गृहस्थांच्या पासपोर्टाचा दुसरा खंड आमच्याकडे बांधणीस आलेला नाही. तो दाखला त्यांनी ठेवून घेतला. पण दाखला देणाऱ्याची ओळख पटवायला त्याचा पासपोर्ट लागेल म्हणाल्या. तो तुमच्याच टेबलावर आहे, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तो वादग्रस्त आहे. मी घरी आलो आणि चप्पल काढायची विसरून अंथरुणावर बसलो. मी कोण, मी कोणाला दाखला दिला आणि मला कोण ओळखतं, याचा काही केल्या मेळ लागेना.

दहा तारखेला बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, आजोबा, खंडाचं राहू द्या. हा एक फॉर्म भरा, आठवड्यात नवीन पासपोर्ट देते, तुमची मुलगी वाट बघते आहे. फॉर्म एका पानाचा होता. जुन्या पासपोर्टाचं काय झालं, एवढाच प्रश्न. त्यापुढं तीन चौकटी. हरवला, चोरीला गेला, खराब झाला. एकीत खूण करायची.

मी पेन घेतलं. हरवला नव्हता, समोरच होता. चोरीला गेला नव्हता. राहिली तिसरी चौकट. मी पासपोर्टाकडे पाहिलं. टेबलावर तो उघडा होता, पंख्याच्या वाऱ्यातही मिटत नव्हता. बाकीच्या लोकांचे दहा-बारा पासपोर्ट शेजारी पडले होते, सगळे थंडीत कुडकुडल्यासारखे अंग चोरून. मी बाईंना विचारलं की सुधारला अशी चौकट आहे का. त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, हातानं काढू का. त्या म्हणाल्या, छापील फॉर्मवर हातानं चौकट काढली तर फॉर्म खराब होतो. मी पेन खाली ठेवलं आणि घरी आलो.

तुम्हाला हसू येतंय. हसा. पण त्या जागी बसून बघा. माझ्या हातून निघालेल्या एकाही पुस्तकाला आजवर कोणी खराब म्हटलं नव्हतं. न्यायाधीशांनी म्हटलं नव्हतं, ज्यांचं कामच नावं ठेवणं. आणि मी स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या सर्वांत देखण्या कामाला?

घरात मग अबोला झाला. सर्वज्ञांनी खाली येऊन सांगितलं की सरकारी भाषेत खराबचा अर्थ तसा वाईट नसतो. वकिलांनी सांगितलं की निषेध नोंदवून खूण करता येते. सलूनवाल्यानं तर फॉर्म स्वतः भरून आणायची तयारी दाखवली. मुलीचा रोज फोन यायचा आणि ही दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायची. तेरा तारखेला ती फोन ठेवून आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली,

"एक शब्द आहे. एका चौकटीत खूण करायची. काय जातं हो तुमचं?"

"एक्केचाळीस वर्षं जातात," मी म्हटलं.

"आणि ती तिकडे एकटी आहे त्याचं?"

  पण फॉर्म काही मी भरला नाही. सतरा तारखेला हिनं दोन बॅगा भरल्या, एक तिची आणि एक माझी. 

आणि आता ऐका. इथून पुढचंच कोणाला पटत नाही.

अठरा तारखेला सकाळी मी शेवटचा प्रयत्न म्हणून ऑफिसात गेलो. चार नंबरची खिडकी बंद. त्या दिवशी वरचे मोठे साहेब तपासणीला आले होते. त्यांच्या टेबलावर माझा पासपोर्ट ठेवलेला होता, उघडा. साहेब त्याच्याकडे बघत बसले होते. मला पाहून त्यांनी विचारलं, हे तुम्ही केलं? मी हो म्हटलं. साहेब उठून उभे राहिले. तीस वर्षांत या टेबलावर एकही पासपोर्ट स्वतःच्या पायावर उघडा राहिला नाही, असं ते म्हणाले. त्यांनी फॉर्म मागवला, पट्टी मागवली, आणि तीन चौकटींच्या खाली स्वतःच्या हातानं चौथी चौकट आखली. तीत लिहिलं, सुधारला. मी खूण केली. त्यांनी शिक्का मारला. तपासनीस बाई दारात उभ्या राहून पदरानं डोळे टिपत होत्या.

विमानाला पाऊण तास उरला होता. साहेबांनी स्वतःची गाडी दिली. ड्रायव्हर असा निघाला की वाटेतल्या तीन सिग्नलांनी आम्हाला पाहून रंग बदलला. विमानाची शिडी काढलेली होती, ती परत लावली. वैमानिक खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होता, तेच ना हे, बाइंडर? हवाई सुंदरीनं मला ही बसली होती त्या रांगेत नेलं. हिचा चेहरा काय सांगू.

तिकडे उतरलो. सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढं दोनशे माणसांची रांग. माझी पाळी आली, मी पासपोर्ट ठेवला, तो उघडा राहिला. अधिकाऱ्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पासपोर्टाकडे, मग कणा न्याहाळला. आमची भाषा त्याला येत नव्हती, पण चांगल्या कामाला भाषा लागत नाही. त्यानं ड्रॉवरमधून स्वतःचा पासपोर्ट काढला आणि खुणेनं विचारलं, याचं काही करता येईल का. सुईदोरा माझ्या खिशात असतोच. मी काउंटरवर बसून त्याचा शिवून दिला. मग त्याच्या साहेबाचा दिला. मग रांगेतल्या लोकांचे. बावन्न पासपोर्ट शिवले मी त्या दुपारी. त्या देशात अजून एखाद्याचा पासपोर्ट टेबलावर सपाट उघडा राहिला, तर लोक विचारतात, म्हातारा आला होता तेव्हाचा का?

तिथून थेट हॉस्पिटल. तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी आत होती, जावई बाहेर भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच क्षणी आतून रडण्याचा आवाज आला. नर्स दुलईत गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. तिथे इतकी माणसं उभी होती, पण तिनं कोणाकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे आली आणि बाळ माझ्या हातांत दिलं. सगळ्यांत आधी माझ्या. नातीनं डोळे उघडले, माझं हे झिजलेलं बोट मुठीत धरलं, आणि अहो खरं सांगतो, ओळख पटल्यासारखी हसली. मी तिला म्हटलं, बाळा, मी तुझा—

"अहो," आमची ही लोकर बाजूला ठेवून म्हणाली, "विमानात तुमची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर शाल ठेवली होती. त्या चौकटीत खूण करायला तुम्हाला पुढं दोन वर्षं लागली. तुम्ही तिकडे पोचलात तेव्हा नात स्वतः चालत दार उघडायला आली, आणि तुमच्याकडे बघून तिनं आईला विचारलं, हे कोण?"